वेदनाशामक गोळी आणि ‘मेडिसिनचे मत’

गुडघ्यांच्या झिजेमुळे आईला वेदनाशामक गोळी सुरू करावी की नाही, एवढेच ठरवून घेण्यासाठी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. एक्स-रे आणि रक्त देणे विनासायास पार पडले. काम अडले ते अस्थिरोग (ऑर्थो) विभागाच्या डॉक्टरांनी असेक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीसमोर लिहिलेल्या ‘मेडिसिनचे मत घेऊन’ या तीन शब्दांवर, म्हणजे मेडिसिन (फिजिशियनांच्या) विभागाला विचारून मगच गोळी.

त्यांचे कारण मात्र रास्त होते. आई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी घेते, शिवाय हृदयासाठी 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन. सूज उतरवणारी ही वेदनाशामके शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. पण जठराचे अस्तर जपण्याचे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखण्याचे कामही तेच द्रव्य करते. त्यामुळे रक्तदाबाच्या या दोन औषधांत तिसऱ्याची भर पडली की मूत्रपिंडाचे काम अचानक मंदावू शकते, आणि ॲस्पिरिनसोबत जठरात रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो.

मेडिसिनच्या खिडकीवर सांगण्यात आले, “हा केस पेपर ऑर्थोचा आहे, नवीन काढा.” नवीन काढला, तर त्यावर गोळीचा उल्लेखच नसल्यामुळे आतल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, “मग तुम्ही आलात कशासाठी?” जुना कागद दाखवला, तेव्हा मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही, असे ते म्हणाले. रिपोर्ट प्रयोगशाळेत तयार होता. परंतु ज्या विभागाने तपासणी सांगितली त्याच विभागात तो पाठवायचा, असा तिथला नियम, आणि ऑर्थोची ओपीडी त्या दिवशी बंद. पुढच्या ओपीडीला रिपोर्ट हाती आला, तोवर मेडिसिनचे नंबर संपले होते. गुडघा धरून बाकावर बसलेल्या आईला वॉर्डातल्या मावशींनी स्वतःची खुर्ची आणून दिली, एवढीच काय ती आपुलकी. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या याच गटातल्या वेदनाशामकामुळे, त्यांचे मृत शरीर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे ओळखून सरकारने 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. इथे एका बाईच्या क्रिएटिनिनचा कागद एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाईना.

अखेर मेडिसिनच्या ज्येष्ठ डॉक्टरांपुढे बसायला मिळाले. त्यांनी आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. घराजवळच्या मेडिकलवाल्याने ‘अंगदुखीची’ म्हणून कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर ‘असेक्लो’ एवढीच अक्षरे उरली होती. म्हणजे नवी गोळी सुरू झाली असती, तर एकच औषध दोन नावांनी पोटात गेले असते. म्हणून सुट्या गोळ्या घेतल्या तरी पूर्ण पाकिटाचा फोटो काढून घ्यावा आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधे सोबत न्यावीत.

त्यांचा निर्णय स्पष्ट होता. आधी गुडघ्याला लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल, दुखले तर साधे पॅरासिटामॉल. सूज फारच वाढली तरच, त्यांना विचारून, कमीत कमी मात्रेत आणि मोजके दिवस गोळी. ती जेवणानंतर, सोबत सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ही जठरातले आम्ल कमी करणारी गोळी, आणि नंतर क्रिएटिनिन पुन्हा तपासायचे. शौचास काळे झाले, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर गोळी बंद करून ताबडतोब दाखवायचे. उलट्या-जुलाब होत असतील त्या दिवशीही ही गोळी घ्यायची नाही. हे मला कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेले आढळले नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

आणखी एक राहिले. रक्त देतानाच रिपोर्टची दुसरी प्रत मागून ठेवावी. मी दुसऱ्या वेळी मागितली, तर त्यांनी कुरकुर न करता दिली.