बॅगपाइपच्या कागदावरचे बारीक स्वर

स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपच्या चँटरमधून (बोटांनी वाजवायच्या नळीतून) नऊच स्वर निघतात: लो जी, लो ए, बी, सी, डी, ई, एफ, हाय जी, हाय ए. सी आणि एफ शार्प (अर्ध्या स्वराने चढे) आहेत, पण तशी खूण बहुतेकदा छापत नाहीत; पायपरला ते ठाऊकच असतं. तोच कागद पियानोवर जसाच्या तसा वाजवला तर चाल भलतीच लागते. लो ए ला सा मानलं की सगळं खमाज थाटात बसतं, लो जी हा मंद्रातला कोमल नि. आणि हा 'ए' नावापुरताच. आजचे चँटर साधारण ४७५ ते ४८५ हर्ट्झला बोलतात, म्हणजे पियानोच्या बी फ्लॅटच्याही (४६६) वर.

खरं काम बारीक स्वरांचं. पिशवीतली हवा थांबत नाही, त्यामुळे मधे विराम घेता येत नाही, आवाज लहान-मोठा करता येत नाही, जिभेने स्वर तोडता येत नाही. लागोपाठ दोन लो ए लिहिले असतील तर मधल्या ग्रेसनोटशिवाय, म्हणजे क्षणभर वाजणाऱ्या बारीक स्वराशिवाय, ते एकच लांब लो ए ऐकू येतात. म्हणून ग्रेसनोट ही सजावट समजून गाळू नये. कागदावर तिची दांडी वर आणि चालीच्या स्वराची खाली असते. मात्रा मोजताना ती धरत नाहीत; तिला लागणारा वेळ मोठ्या स्वरातून कापला जातो.

बी वरचं डबलिंग, म्हणजे एकाच स्वरावर लागोपाठ दोन ग्रेसनोट, घ्या. वरच्या हाताची तर्जनी क्षणभर उचलून जी ग्रेसनोट, ती नेमकी ठोक्यावर; मग बी, खालच्या तर्जनीने डी ग्रेसनोट, पुन्हा बी. बिघडतो तो मधला बी. घाईत तो गिळला जातो आणि दोन ग्रेसनोटचा चिवचिवाट उरतो. हाय जी वरून येताना ती तर्जनी आधीच उघडी असते, त्यामुळे तिथे जी ग्रेसनोट निघतच नाही. अंगठा उचलून हाय ए ची ग्रेसनोट द्यावी, नाहीतर अर्धं डबलिंग.

डी वरून ई ला जाताना खालची तीन बोटं मिटतात, करंगळी आणि वरची अनामिका उघडतात. हे एका क्षणात झालं नाही तर मधे लो ए किंवा लो जी चुकून वाजतो. स्पर्धेत परीक्षकाच्या कानातून तो सुटत नाही. सी वाजवताना करंगळी उघडी राहणं हाही असाच नेहमीचा दोष.

पीब्रॉखमध्ये, म्हणजे बॅगपाइपच्या अभिजात संगीतात, हे सारं तोंडीही शिकवतात. कॉलिन कॅम्पबेल यांनी १७९७ च्या हस्तलिखितात चाली पाच रेघांवर न लिहिता बोलांतच उतरवल्या आहेत: टाओरलुआ आणि क्रुनलुआ या ग्रेसनोटच्या ठरलेल्या गुच्छांपैकी टाओरलुआला 'दारिड', क्रुनलुआला 'बान्ड्रे'. लो ए वरचा टाओरलुआ म्हणजे लो जी, डी, लो जी, ई आणि शेवटी लो ए. त्यातला दुसरा लो जी तपासा. करंगळी पूर्ण मिटली नाही तर तिथे लो ए वाजतो आणि टाओरलुआ बोथट होतो.