जेट इंधन मुद्दाम का तोडायचं?

विमानाच्या इंधनाचे रेणू उष्णतेने तुटायला लागले की एरवी सगळे घाबरतात, कारण पाठोपाठ नळ्यांमध्ये कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, धरतो. पण स्क्रॅमजेटवाल्यांना (आवाजाच्या कित्येक पट वेगासाठीचं जेट इंजिन बनवणाऱ्यांना) नेमकं हेच तुटणं हवं असतं, आणि तेही लवकर!

माख 6 ला, म्हणजे आवाजाच्या सहापट वेगाला, इंजिनात शिरणारी हवा अडली की तिचं तापमान 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, अशा हवेने इंजिन काय थंड होणार, मग हाताशी उरतं ते टाकीतलं इंधन. ते आधी भिंतीतल्या बारीक चॅनलमधून फिरवायचं आणि मग जाळायचं. अमेरिकेच्या एक्स-51ए या चाचणी-विमानात जेपी-7 हे इंधन असंच वापरलं, मे 2013 मध्ये ते विमान माख 5 च्या पुढे गेलं. आपल्या हैदराबादच्या डीआरडीएल या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनेही जानेवारी 2025 मध्ये इंधनानेच थंड होणारा स्क्रॅमजेट कंबस्टर (ज्वलनकक्ष) जमिनीवर 120 सेकंद चालवला, त्यासाठी एंडोथर्मिक इंधन इथंच बनवलं, मला याचं फार कौतुक आहे.

एंडोथर्मिक म्हणजे काय, तर इंधन नुसतं तापताना उष्णता घेतंच पण रेणू तुटताना आणखी शोषतं, वर इथिलीनसारखा पटकन पेटणारा गॅस मिळतो तो वेगळाच. अडचण वेळेची आहे. चॅनलमध्ये इंधन फार थोडा वेळ असतं आणि कार्बन-कार्बन बाँड तोडायला मोलमागे साधारण 350 किलोज्यूल लागतात. पहिला रॅडिकल, म्हणजे चटकन क्रिया करणारा रेणूचा तुकडा, तयार झाला की तो दुसऱ्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, तो रेणू तुटून इथिलीन सोडतो आणि मागे नवा रॅडिकल ठेवतो, की साखळी सुरू. घोडं अडतं ते पहिल्या तुटण्यापाशीच.

इथे इनिशिएटर, म्हणजे सुरुवात करून द्यायला इंधनात मिसळलेलं केमिकल, कामाला येतो. उदाहरणार्थ नायट्रोप्रोपेनमधला कार्बन-नायट्रोजन बाँड 250 किलोज्यूलच्या आसपास तुटतो, म्हणून तो आधी फुटून रॅडिकल पुरवतो आणि बाकीचं इंधन कमी तापमानालाच तुटायला लागतं. डिझेलचा सीटेन नंबर (ते किती पटकन पेटतं याचं माप) वाढवायला 2-इथाइलहेक्झाइल नायट्रेट घालतात ना, तत्त्व तेच. ट्रायइथाइलअमीनवरही बरंच काम झालंय. भिंतीला झिओलाइटचा (क्रिया वेगवान करणाऱ्या सच्छिद्र खनिजाचा) लेप देऊनही क्रॅकिंग, म्हणजे रेणूंचं तुटणं, वाढतं, पण लेपावर कोक बसला की त्याचं काम मंदावतं, इनिशिएटर मात्र इंधनाबरोबर सतत ताजा येत राहतो, म्हणून मला हाच मार्ग जास्त पटतो.

अर्थात तापमान खूप वाढलं की इंधन आपलं आपणच भराभर तुटतं, तिथे इनिशिएटरचा फायदा कमी होत जातो. आणि क्रॅकिंग जास्त खोल गेलं की ऑलिफिन्सपासून (इथिलीनसारख्या रेणूंपासून) अॅरोमॅटिक्स (बेंझिनसारखे कड्यांचे रेणू), त्यापासून कोक, म्हणजे पुन्हा चॅनल तुंबणार.

शिवाय इनिशिएटरचं केमिकल पाचशे अंशांच्या आसपास भराभर फुटायला हवं, पण उन्हात तापलेल्या टाकीत महिनोन्महिने जसंच्या तसं राहायला हवं, रबरी सील खायला नको, थंडीत इंधनापासून वेगळं व्हायला नको. पेरॉक्साइडचा बाँड फारच कमकुवत, सुरुवात झकास करून देतो, पण साठवणुकीच्या बाबतीत तोच सगळ्यात अवघड.