शुक्रवारचा खेळ आणि जुनी प्रत

पुण्यात स्वतंत्रपणे चित्रपटसमीक्षा लिहायची म्हणजे तिकीट स्वतःच्या खिशातून, आणि मजकूर तपासायला वर कुणी संपादक नाही. चूक झाली तर ती थेट वाचकापर्यंत जाते. म्हणून मत बनवण्याआधी मी एक गोष्ट पक्की करतो: आपण नेमकं काय पाहिलं? नव्या चित्रपटात हे काम दोन-तीन तासांचं असतं, जुन्यात कधी कधी दोन-तीन दिवसांचं.

नवा मराठी चित्रपट असेल तर वेळापत्रक गुरुवारी रात्री पुन्हा पाहावं लागतं, कारण खेळांच्या वेळा उशिरा पक्क्या होतात. मी शुक्रवारचा पहिला खेळ घेतो आणि शंका उरली तर रविवारच्या आत दुसऱ्यांदा पाहतो. गर्दी झाली नाही तर सोमवारपासून खेळ कमी होतात आणि उरलेले भलत्या वेळेला जातात. विनोदी चित्रपट मात्र भरलेल्या खेळालाच पाहावा. सकाळी वीस माणसांत पडलेला विनोद संध्याकाळी सभागृह डोक्यावर घेऊ शकतो. पहिल्या खेळाला चित्रपटाशी संबंधित मंडळी आणि त्यांचे नातेवाईकही असतात, त्यांच्या टाळ्या हिशेबात धरायच्या नाहीत.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर काही सेकंदच दिसतं. तेवढ्यात भाषा, श्रेणी आणि लांबी टिपायची. २०२४च्या नियमांनी ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या श्रेणीचे, ७+, १३+ आणि १६+ असे भाग केले आहेत, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या वाचकाला आधी तेच हवं असतं. पण त्यासाठी पडद्याकडे मोबाइल रोखायचा नाही. २०२३च्या सुधारणेनंतर चित्रपटगृहातल्या चोरट्या चित्रणाला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे.

नोंदी पेन्सिलीने. पेनाची शाई मध्येच तुटली तर अंधारात कळत नाही. वही तळहाताएवढी, एका पानावर एकच नोंद, आणि ओळ डाव्या अंगठ्याने धरायची, म्हणजे अक्षरांवर अक्षरं चढत नाहीत. २५ ते ३० नोंदी पुरेत, त्याहून जास्त झाल्या की पाहणं सुटतं. संवाद शब्दशः ऐकू आला तरच अवतरणात, नाहीतर त्यापुढे फुली, आणि फुलीचं वाक्य लेखात घ्यायचं नाही. मध्यंतर कितव्या मिनिटाला झालं तेही लिहितो. आपल्याकडचे बहुतेक चित्रपट मध्यंतर धरून बांधलेले असतात. परदेशी चित्रपटात ते चित्रपटगृह घालतं, तेव्हा प्रसंग मध्येच तुटला याचा ठपका संकलकावर ठेवू नये.

चित्र काळोखं दिसलं की लगेच छायालेखकाला बोल लावण्याची घाई होते. प्रोजेक्टरवर थ्रीडीचं भिंग तसंच राहिलं किंवा दिवा जुना झाला, तरी रात्रीची दृश्यं अशीच मळकट दिसतात. माझी कसोटी साधी आहे: त्याच पडद्यावर आधी लागलेले ट्रेलर कसे दिसले? तेही मळकट असतील तर दोष त्या पडद्याचा. संवाद ऐकू येत नसतील तर कारण ध्वनिमिश्रणात असेल किंवा त्या सभागृहात आवाजच खाली ठेवलेला असेल. हे दुसऱ्या सभागृहात ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि ते शक्य नसेल तर मी आवाजावर लिहीत नाही.

श्रेयनामावली संपेपर्यंत बसावं. आवाज प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी धरला की नंतर डब केला, हे तिथल्या नोंदींवरून बऱ्याचदा कळतं. हे न पाहता एखाद्या अभिनेत्याच्या आवाजाचं कौतुक केलं आणि तो आवाज दुसऱ्याचाच निघाला, तर पूर्ण परिच्छेद वाया जातो.

लेख ८०० शब्दांचा असेल तर कथेला १२० शब्द पुष्कळ झाले. कथा किती सांगायची याचं उत्तम माप जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिकांत मिळतं. त्यांत कथासार पेच पडेपर्यंत येतं आणि पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा म्हणून थांबतं. मीही पेच पडेपर्यंतच सांगतो. तारे देत नाही. अडीच आणि तीन यांतला फरक मला वाक्यात सांगता येतो, आकड्यात नाही.

जुन्या चित्रपटाची सुरुवात प्रत ओळखण्यापासून. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिचे बरेच चित्रपट मराठी-हिंदी अशा दोन भाषांत निघाले. १९३७चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ आहे, १९४१चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’. ही डब केलेली आवृत्ती नव्हे, वेगळं चित्रीकरण असतं. ‘शेजारी’त गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त मजहर खान. हिंदी प्रत पाहून दात्यांच्या अभिनयावर लिहिलं, की लेख तिथेच संपला.

मग लांबी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर धावते. कागदोपत्री ३,६०० मीटर असेल तर चित्रपट १३१ मिनिटांचा. हातातली प्रत १२६ मिनिटांची निघाली तर लगेच कापाकापीचा संशय घेऊ नये. दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेम) चालवलेली प्रत ४ टक्के लवकर संपते. अशा प्रतीत आवाजाची पट्टीही किंचित चढते, तेव्हा गायिकेचा आवाज टोकदार आहे हे वाक्य दोनदा तपासावं. ११२ मिनिटांची निघाली तर मात्र काहीतरी गेलंय. बहुधा गाणी किंवा उपकथानक. उडी मारल्यासारखी वाटणारी कथा मग पटकथेचा दोष राहत नाही.

चौकटीकडे बघायलाच हवं. त्या काळचं चित्र १.३७ ला १ या प्रमाणात असतं. ते आजच्या रुंद पडद्यासाठी वरून-खालून छाटलं की उंचीचा जवळजवळ चौथा भाग जातो, कपाळं आणि पावलं गायब होतात. छाटण्याऐवजी ताणलं असेल तर बैलगाडीचं चाक, जातं, ताट पाहावं. गोल वस्तू लंबगोल दिसली की त्या प्रतीवरून दृश्यरचनेबद्दल एक शब्द लिहू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत प्रतींत निळसर-हिरवा रंग आधी विटतो आणि सगळं गुलाबी पडतं. ती रंगयोजना समजून तिचं कौतुक झालेलं मी वाचलंय आणि वाईट वाटलंय, कारण मूळ रंग शोधायची तसदी कुणी घेतली नव्हती.

याच्या उलट चूकही होते. ‘कुंकू’मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, दृश्यातलेच आवाज आहेत. त्या शांततेला झिजलेला ध्वनिपट म्हणणं म्हणजे चित्रपटाचा सर्वांत धाडसी निर्णय न ऐकणं.

माहिती पडताळायला लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. पुस्तिका, पोस्टर, छायाचित्रं, कात्रणं हा पुण्याच्या समीक्षकाला मिळालेला केवढा मोठा आधार आहे! जाताना चित्रपटाचं नाव, वर्ष आणि दोन्ही भाषांतली शीर्षकं लिहून न्यावीत, कारण हिंदी शीर्षकाखालच्या वस्तू मराठी नावाने शोधून सापडतीलच असं नाही. श्रेयनामावली आणि पुस्तिका यांत नावं जुळत नसतील तर मी दोन्ही देतो, एक निवडत नाही.

‘त्या काळाच्या मानाने’ हे शब्द मी लेखातून काढून टाकतो. तुलना करायचीच तर त्याच दोन-चार वर्षांतल्या चित्रपटांशी. १९३२चं गाणं आणि १९३७चं गाणं एका तागडीत घालता येत नाही, कारण पार्श्वगायन १९३५ मध्ये आलं. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर गातच अभिनय करत होता, आणि कॅमेरा स्थिर का आहे याचं अर्धं उत्तर त्यात असतं.

व्हिडिओ समीक्षेत दृश्यं वापरायची तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराला मोकळीक देतं. अमुक सेकंदांपर्यंत चालतं असा आकडा मात्र त्यात नाही. मी ट्रेलरमधले ५-६ सेकंद घेतो, वर माझं बोलणं चालू ठेवतो आणि गाणं लावत नाही. व्हिडिओ संकेतस्थळांची स्वयंचलित तपासणी बहुधा संगीतालाच पकडते.

लेखाच्या तळाशी प्रत्येक वेळी एक ओळ जाते: कोणती भाषा, किती मिनिटं, कुठे आणि कशावर पाहिलं, तिकीट कुणाचं. निर्मात्याकडून फुकट पास घेतला असेल तर तोही तिथेच. चूक सापडली तर मूळ वाक्य गुपचूप बदलत नाही, त्याच ओळीखाली तारीख टाकून दुरुस्ती लिहितो.