बाबांची पावसाची वही

माळा आवरताना बाबांची जुनी वही सापडली, कव्हरवर नुसतं 'पाऊस' लिहिलेलं. आत तारीख, मिलिमीटर आणि मधेच 'गॅस लावला', 'नाना येऊन गेले' असलं काहीबाही. बाबा गच्चीत एक डबा ठेवायचे आणि रोज सकाळी त्यात पट्टी बुडवून बघायचे, आई म्हणायची ह्या माणसाला उद्योग नाही. पण पद्धत बरोबर होती बरं का, डबा वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा असेल तर पाण्याची जेवढी उंची तेवढा पाऊस, वेगळा हिशोबच नाही. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी.

मी लगेच सगळं एक्सेलमध्ये टाकायला घेतलं. अकरा पावसाळे! आणि 2009 पासून आकडे जे खाली आले ते खालीच. म्हटलं बघा, आपल्या घरातच क्लायमेट चेंजचा पुरावा, ग्राफ पण काढला. आईला दाखवला तर ती म्हणे, "अरे तेव्हा गच्चीवर पत्रा टाकला ना, डबा खाली आणला, आंब्याशेजारी." झालं! माझा क्लायमेट चेंज आंब्याने अडवून धरला होता.

वेळेचा घोळ तर वेगळाच. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मोजतं, आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनचा. म्हणजे सांताक्रूझचा तो प्रसिद्ध 944 मिमी आपण 26 जुलै 2005 चा म्हणतो खरं, पण तो 27 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे (आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम 73, एकाच शहरात!). बाबा मोजणार जाग येईल तेव्हा, त्यामुळे रविवारी पाऊस जास्त, सोमवारी कमी. "मला काय माहीत तू ह्यावर संशोधन करणार," इति बाबा.

जागा बदलायचीच असेल तर कशी बदलावी हे कुलाब्याच्या वेधशाळेने शंभर वर्षांपूर्वी दाखवलंय. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे दिसत होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, पण कुलाब्याची लगेच बंद नाही केली, 1904 ते 1906 दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या. म्हणजे नव्या जागेमुळे आकड्यात किती फरक पडतो ते कळलं आणि जुन्या नोंदी वाया गेल्या नाहीत.

आणि जिथे वहीच नाही, त्या काळाचं? आपल्या पुण्यातल्याच आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचे लोक सागाच्या खोडातली वर्तुळं मोजून जुन्या पावसाचा अंदाज काढतात, पाणी कमी मिळालं त्या वर्षीचं वर्तुळ सहसा बारीक. झाड एका जागी उभं असतं हा त्याचा मोठा गुण, आमच्या डब्यात तो नव्हता.

तर मी आता अगदी तसाच दुसरा डबा आणलाय. एक आंब्याशेजारी, एक पत्र्यापासून लांब मोकळ्यात, दोन पावसाळे दोन्ही चालू ठेवणार. आंबा तेव्हापेक्षा बराच पसरलाय, त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. आईचा प्रश्न एवढाच आहे की रोज साडेआठला मी डब्यांपाशी उभा राहणार तर दूध कोण आणणार.