चार कोटी मागितले, आधी काहीच नाही मिळालं, मग सात मिळाले

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांच्या कर्जाच्या फाईली करणं हे माझं काम. प्रोजेक्ट रिपोर्ट, सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे मागचे-पुढचे आर्थिक आकडे), बँकेच्या क्वेरींना उत्तरं हे सगळं आलंच, पण या कामात टिकायचं तर अजून एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे सही करणाऱ्या साहेबांची नोकरी किती उरलीय आणि त्यांना पैसे नेमके कशाचे मिळतात. एकाच साहेबांना मी एकाच कारखान्याच्या फाईलवर दोन वेगळ्या खुर्च्यांवर बघितलं. ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

कारखाना अण्णांचा. ट्रान्समिशनचे पार्ट मशिनिंग करून टियर-वन कंपनीला, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांना थेट माल पुरवणाऱ्या कंपनीला देतात. ऑर्डर हातात होती, एक एचएमसी आणि दोन व्हीएमसी (आडवी आणि उभी मशिनिंग सेंटर) घ्यायच्या होत्या, वर थोडं वर्किंग कॅपिटल, सगळं मिळून चार कोटी. माझ्या शीटमध्ये डीएससीआर 1.7 येत होता, म्हणजे वर्षाला हप्ते आणि व्याज मिळून शंभर रुपये द्यायचे तर कारखान्यातून एकशेसत्तर सुटणार. विक्री 15 टक्क्यांनी पाडून बघितली तरी 1.35 च्या खाली जात नव्हता. इतकी स्वच्छ फाईल क्वचित हातात येते, मला त्या शीटचा आजही अभिमान आहे.

साल 2018. जूनमध्ये पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रच्या एमडींना डीएसके, म्हणजे बिल्डर डी. एस. कुलकर्णींच्या कर्जाच्या प्रकरणात पोलिसांनी अटक केली होती. पुढे ऑक्टोबरात पोलिसांनीच कोर्टात सांगितलं की त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, पण मधले महिने पुण्यातल्या प्रत्येक सरकारी बँकेत काय वातावरण होतं ते आम्ही बघितलंय. आमची फाईल दुसऱ्या एका सरकारी बँकेच्या झोनल ऑफिसला होती. तिथले डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर) अभ्यासू माणूस, बॅलन्स शीट हातात घेतली की दोन मिनिटांत दुखणं कुठंय ते सांगायचे. रिटायरमेंट जवळ आलेली.

फाईल नाकारली नाही, नुसती फिरवली. आधी टीईव्ही स्टडी (प्रकल्प तांत्रिक आणि आर्थिक दृष्ट्या चालेल का याचा अहवाल) आणा, मग व्हॅल्युएशन दुसऱ्या पॅनेल व्हॅल्युअरकडून परत करा, मग टियर-वन कंपनीकडून पुढच्या पाच वर्षांची ऑर्डर लेखी आणा (असं पत्र कुठलीही कंपनी कुणालाही देत नाही हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं), मग अण्णांच्या वेगळ्या राहणाऱ्या भावाचा सिबिल. या फाईलींतली प्रोसेस नोट, म्हणजे मंजुरीसाठी बँकेत आतल्या आत लिहितात ती टिप्पणी, एकदा वाचायला मिळावी सगळ्यांना. "शाखेने शिफारस केल्यानुसार", "व्हॅल्युअरच्या अहवालानुसार", "पक्षकाराने सादर केलेल्या माहितीनुसार", प्रत्येक वाक्यात जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर आणि "माझ्या मते" कुठेच नाही. आठ महिन्यांनी अण्णांनीच कंटाळून फाईल परत घेतली.

मला तेव्हा साहेबांचा प्रचंड राग आला होता. पण हिशोब बघा ना. कर्ज चांगलं चाललं तर त्यांच्या पगारात एक रुपया वाढणार नाही. बिघडलं तर स्टाफ अकाउंटेबिलिटी (चूक कुठल्या अधिकाऱ्याची याची चौकशी), व्हिजिलन्स, चार्जशीट, आणि रिटायरमेंटच्या तोंडावर चार्जशीट म्हणजे ग्रॅच्युइटी अडकली, पूर्ण पेन्शन अडकली. आणि न दिलेल्या कर्जासाठी आजवर कुणाची चौकशी झालेली मी तरी ऐकली नाही. त्याच जुलैत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 17 अ कलम आलं, अधिकृत निर्णयांच्या चौकशीआधी परवानगी लागेल म्हणून. ऑक्टोबर 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने 50 कोटींपर्यंतच्या एनपीए, म्हणजे बुडीत जायला लागलेल्या खात्यांसाठी नियम आखून दिले, अधिकाऱ्याचा आधीचा रेकॉर्डही धरा म्हणून. चांगलीच पावलं ती, पण पगाराचं काय? स्टेट बँकेच्या चेअरमनचा 2022-23 चा पगार साधारण 37 लाख. देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेचा प्रमुख! खाली डीजीएमला काय मिळत असेल त्याचा अंदाज करा, आणि मग आपण त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करतो.

साहेब रिटायर झाले. 2022 च्या मार्चमध्ये अचानक त्यांचाच फोन, "सीएसाहेब, त्या चाकणवाल्यांची फाईल आहे का अजून? घेऊन या." आता ते एका खाजगी फायनान्स कंपनीत झोनल बिझनेस हेड होते, एकेक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, कमाईचा मोठा हिस्सा इन्सेंटिव्हचा, आणि इन्सेंटिव्ह डिस्बर्समेंटवर, म्हणजे किती कर्ज वाटलं त्यावर.

मी आणि अण्णा गेलो. आकडे नवीन केले होते पण गरज अजूनही चारच्या आसपासच होती. साहेबांनी शीट बघितलं, त्याच दोन मिनिटांत, आणि म्हणाले, "चार कशाला? कारखान्याचा प्लॉट आहे, अण्णांचा फ्लॅट आहे, सात करून टाकू." मी म्हणालो साहेब, सातला विक्री 10 टक्के जरी पडली तरी डीएससीआर 1.1 वर येतो. ते म्हणाले, "वर्षभर मुद्दलाला मोरेटोरियम देतो ना," म्हणजे वर्षभर मुद्दलाची सवलत. तिथे जो क्रेडिटचा, म्हणजे कर्जाची जोखीम तपासणारा मुलगा बसला होता त्याला हे पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्याचं अप्रेझल बिझनेसवाल्यांच्या हातात, तो काय बोलणार. मी प्रोजेक्शन बदलून द्यायला नकार दिला. मग त्यांच्या टीमने विक्रीवाढ 12 ची 22 टक्के केली आणि आकडा बसवला. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या लीजवरचा, तारण ठेवायला एमआयडीसीची संमती लागते, सरकारी बँकेत त्यासाठी महिने गेले असते. इथे ते पत्र 31 मार्चच्या आत यावं म्हणून त्यांचाच माणूस रोज तिथे जाऊन बसत होता.

अण्णा बाहेर गेल्यावर मी विचारलंच, साहेब, 2018 ला हीच फाईल तुम्ही आठ महिने अडवली होती. ते अजिबात चिडले नाहीत. "तेव्हा माझी पेन्शन टेबलावर होती. आता दर एप्रिलला माझी नोकरीच टेबलावर असते. फाईल तेव्हाही चांगली होती हो."

हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नव्हती. म्हणजे त्यांना तेव्हाही कळत होतं, आताही कळत होतं. मोरेटोरियम बारा महिन्यांचा, म्हणजे पहिल्या वर्षी फक्त व्याज, खातं बिघडायला फारसा वावच नाही. आणि इन्सेंटिव्हचा हिशोब त्या वर्षातच मिटतो. खातं खरंच कसंय हे कळायच्या आधी पैसे खिशात आणि कदाचित माणूसही दुसऱ्या कंपनीत. रिझर्व्ह बँकेला हे माहीत नाही असं नाही. खाजगी बँकांसाठी नोव्हेंबर 2019 मध्ये सर्क्युलर आलं, सीईओ आणि मोठी जोखीम घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या व्हेरिएबल पेपैकी (कामगिरीवर मिळणाऱ्या पगारापैकी) किमान 60 टक्के पुढे ढकलायचे, किमान तीन वर्षांत विभागून द्यायचे, आणि खातं बिघडलं तर मालस आणि क्लॉबॅक, म्हणजे न दिलेले थांबवायचे आणि दिलेले परत घ्यायचे. मोठ्या फायनान्स कंपन्यांसाठी त्याच धर्तीचे नियम एप्रिल 2022 मध्ये आले, लागू झाले एप्रिल 2023 पासून. पण ते वरच्या फळीला. चाकणमधला सात कोटींचा आकडा वरच्या फळीत ठरत नाही, तो झोनल हेडच्या केबिनमध्ये मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरतो.

अण्णांनी सात घेतले. मी नको म्हणालो होतो, पण 2018 ला हात पोळलेला माणूस, परत कधी कोण देईल याची त्यांना खात्री नव्हती. जास्तीच्या तीन कोटींत त्यांनी शेजारचा प्लॉट घेतला. मशीन उत्तम चाललीत, ऑर्डर आहेत, कामगारांचे पगार एकदाही चुकले नाहीत. पण मोरेटोरियम संपल्यावर हप्त्याने गळा धरला, एक हप्ता 30 दिवसांच्या पुढे गेला आणि खातं एसएमए-1 ला, म्हणजे थकायला लागलेल्या खात्यांच्या यादीत लागलं. पुढच्याच आठवड्यात भरला, पण नोंद झाली ती झाली. साहेब तोवर तिथे नव्हते, कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं.

चार कोटी घेतले असते तर हे काहीच झालं नसतं, आणि चार कोटी द्यायला एकाही खुर्चीला परवडत नव्हतं.

आता प्लॉट विकून कर्ज खाली आणायचं आणि उरलेलं सरकारी बँकेत टेकओव्हर करायचं, म्हणजे तिकडे हलवायचं असं ठरवलंय. व्याज बरंच वाचेल. बहुतेक बँकांच्या टेकओव्हर पॉलिसीत मागच्या बारा महिन्यांत एसएमएची नोंद नको असते, तिथे गाडी अडलीय. पुढच्या आठवड्यात झोनल ऑफिसला बोलावलंय. नवीन डीजीएम मॅडम आहेत, सर्व्हिस बरीच बाकी आहे असं कळलं, मी आधी तेच विचारून घेतलं.