आमची वाटचाल : दुसऱ्यांनी सोडलेले बोल्ट

रत्नागिरीत गॅरेज टाकायचं म्हणजे गंजाशी कायमची सोयरीक, हे २००६ साली शेड उभी केली तेव्हाच ठाऊक होतं. माझे मामा मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून मला हत्यारांची एक जुनी पेटी मिळाली आणि एक शिस्तही मिळाली: नट हलत नसेल तर लगेच पान्याला पाईप लावून जोर करायचा नाही.

सुरुवातीला ऑइल बदल, ब्रेक, क्लच, जे येईल ते करायचो. सस्पेन्शनकडे, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या भागांकडे, वळलो ते मासळीच्या पिकअपमुळे. क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळत थेट स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि त्या सांगाड्याला अडकवणाऱ्या शॅकलच्या पिनांवर पडतं. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. ही कामं कुणालाच नको असायची, कारण अर्धा दिवस खर्ची पडतो आणि तेवढी मजुरी मागायला तोंड होत नाही. हळूहळू इतर गॅरेजवालेच गाड्या आमच्याकडे धाडू लागले. काही तर मोडका बोल्ट आत तसाच ठेवून टोचन करून यायच्या.

गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र ठरलेला. नवा बोल्ट दोनशेचा, मग जुना काढायचे दोन हजार कसले? प्रश्न चूक नाही. म्हणून मी आता गाडी लिफ्टवर घेऊन त्यांना खाली उभं करतो आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, दाखवतो.

लोअर आर्मचा नट पुष्कळदा सहज सुटतो आणि माणूस तिथेच फसतो. बोल्ट बुशच्या, म्हणजे आर्मच्या टोकाला बसवलेल्या रबरी तुकड्याच्या, आतल्या लोखंडी नळीतून आरपार गेलेला असतो. त्या केसभर फटीत पाणी शिरतं, गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. बोल्ट आणि नळी एकजीव होतात. पाना लावला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो, पण फिरतं ते रबर. हात सैल केला की सगळं परत जागेवर. चिडून घण घातला तर टोकाचे आटे फुलतात आणि बोल्ट बाहेर यायची वाटच बंद होते. आम्ही नट टोकाच्या बरोबरीनं परत चढवतो आणि मगच ठोकतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं घासून पेनिट्रेटिंग ऑइल मुरत ठेवायचं, सकाळी एअर हॅमरचे बारीक ठोके द्यायचे. तरीही नाही आला तर तापवायचं. गॅसची ज्योत बुशला लागली की रबर पेट घेतं, शेजारून ब्रेकचा होज जातो. म्हणून ज्योतीशिवाय विजेच्या कॉइलनं लोखंड तापवणारा इंडक्शन हीटर घेतला, कॉइलमधला नट तेवढाच लाल होतो. शेवटचा उपाय म्हणजे बुशच्या दोन्ही बाजूंनी पातळ ब्लेड घालून बोल्ट कापणं. आर्म जातो, पण तो ज्या चौकटीला जोडलेला असतो ती सबफ्रेम वाचते. सबफ्रेमच्या पेटीतला वेल्ड केलेला नट आतल्या आत सुटला तर पत्र्याला खिडकी पाडावी लागते, मग दोन हजारांत भागत नाही.

बाकीची भानगड एवढी नसते. बोल्टचं डोकं झिजून गोल होतं ते बहुतेक वेळा बारा कोनांच्या गोटीमुळे (सॉकेटमुळे). आमच्याकडे जाम नटाला सहा कोनांचीच लागते. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या लिंक रॉडचा बॉल नटाबरोबर फिरायला लागला आणि ॲलन कीची खाच गेलेली असली, तर मी सरळ ग्राइंडर लावतो. नाहीतरी नवाच बसणार असतो. मोडक्या स्टडवर नट ठेवून मधून वेल्डिंग मारलं की धरायला डोकं मिळतं आणि उष्णतेनं गंजही सैल होतो. इझी-आउटवर, म्हणजे मोडक्या बोल्टमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढायच्या हत्यारावर, माझा विश्वास नाही. ते आत मोडलं की साधं ड्रिलही त्यावर चालत नाही. आणि तापवलेला बोल्ट आम्ही परत बसवत नाही, १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, तर नाहीच. बुशचे बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी करून टॉर्क पान्यानं ठरलेल्या जोरानं आवळायचे. लटकत्या चाकावर आवळलेलं बुश पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

२०१७ मध्ये मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्ज काढून लिफ्ट आणि मोठा कॉम्प्रेसर बसवला. हिशेब बायको बघते. अंदाजपत्रकावर दोन आकडे लिहायची कल्पना तिचीच: एक बोल्ट सुटला तर, दुसरा नाही सुटला तर. "आधी सांगा, म्हणजे नंतर घसा कोरडा करायला नको," असं तिचं म्हणणं. तेव्हापासून काउंटरवरची भांडणं जवळपास थांबली.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधल्या असंख्य गाड्या बुडाल्या. त्यांची इंजिनं, वायरिंग आधी झालं. खालचे बोल्ट आमच्याकडे यायला लागले ते बऱ्याच महिन्यांनी, वाशिष्ठी नदीचा गाळ आटून दगड झाल्यावर. ऑइल आतच शिरेना. आधी धुवायचं, मग तेल, असा क्रम तेव्हा पक्का झाला.

आता आमचं वर्ष ठरून गेलंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा पिकअप. पुढे गणपतीला मुंबईकरांच्या गाड्या, हायवेचे खड्डे खाऊन आलेल्या, आणि प्रत्येकाला विसर्जनानंतर लगेच परतायचं असतं. त्या दिवसांत एक लिफ्ट पुरत नाही. दुसरी बसवायची तर शेडची उंची कमी पडते, म्हणून येत्या मे महिन्यात पत्रे वर उचलायचं काम काढलंय.