"दादा, टाकू का पासवर्ड?"

हिवाळी अधिवेशन सुरू असलं की नागपुरात निवांत बसायला कोपरा मिळत नाही. पगारपत्रकांचं काम बघणारी आमची सहकारी क्लायंटची वाट बघत धरमपेठेतल्या एका कॅफेत बसली होती. तिथून तिचा फोन आला, "दादा, इथलं वायफाय ऑफिसचा मेल आयडी अन् पासवर्ड मागतंय. टाकू का?"

"काहीच टाकू नको. आधी वायफाय बंद कर, मी येतो."

आयटी पार्कहून धरमपेठ जवळच. पोचून बघितलं तर यादीत एकाच नावाची दोन नेटवर्क, एक कुलूपवालं, एक उघडं. उघड्याची रेंज जास्त, म्हणून तिने तेच निवडलेलं. मालक काका म्हणाले, "आमचा राऊटर एकच हाय भाऊ, अन् पासवर्डबिगर चालत नाही." राऊटरमागच्या स्टिकरवरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, कुलूपवाल्याशी जुळला, शेवटचा आकडा तेवढा वेगळा, तो बऱ्याचदा असतो. उघड्याचा कशाशीच जुळेना. ते पान दिसायला हुबेहूब मेलच्या लॉगिनसारखं, पण वर पत्त्याच्या जागी नुसते आकडे.

२०१० मध्ये फायरशीप नावाच्या साधनाने उघड्या वायफायवर शेजारच्याचं फेसबुक खातं सहज उघडता यायचं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, असल्याने हवेतून पासवर्ड उचलणं अवघड झालंय. म्हणून आता तो सरळ तुमच्याकडेच मागतात. स्टेशनवरचं वायफायही मोबाइल नंबर अन् ओटीपीवर भागवतं. ऑफिसच्या पासवर्डशी कुठल्याच कॅफेचा संबंध नाही.

मला जास्त धसका बसला तो पुढे. लॅपटॉपने ते नेटवर्क 'प्रायव्हेट', म्हणजे घरच्यासारखं विश्वासाचं, धरलेलं, त्यामुळे फाइल शेअरिंग चालू, अन् शेअर केलेल्या फोल्डरमध्ये क्लायंटच्या कामगारांचे पगार, बँक खाती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस याच फाइल शेअरिंगच्या दारातून पसरला होता, मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच येऊनसुद्धा.

फोल्डर बंद केलं, ते नेटवर्क लॅपटॉपमधून काढलं, तिचा पासवर्ड तरीही बदलला. लॉगिनच्या नोंदी तपासल्या, परकं कुणी शिरलेलं नव्हतं. उघडं नेटवर्क कुणाचं, ते कळलं नाही. काकांना सांगून ठेवलं.

त्या आठवड्यात सगळ्या लॅपटॉपना अनोळखी नेटवर्क 'पब्लिक' धरायला लावलं, अन् व्हीपीएनशिवाय, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद जोडणीशिवाय, ऑफिसच्या फाइली उघडणं बंद केलं. बाहेर फिरणाऱ्यांच्या मोबाइल डेटाचा खर्च कंपनीने द्यावा, यासाठी साहेबांशी भांडावं लागलं. मंजूर झाला. तिने विचारलं ते किती मोलाचं होतं, हे मी बैठकीत सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांगितलं. आता लोक अडले की आधी फोन करतात.